गोल्फचा अॅडजस्टेबल ड्रायव्हर वावरात वापरून पाहिला: सगळा जीव एका स्क्रूत

ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याचा गोल्फ क्लब, आणि हा सेटिंग बदलता येणारा. लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मागे कललेला कोन, १०.५ अंश, हेड ४६० सीसी, तळाला सरकतं वजन, फिरवता येणारी स्लीव्ह (शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाची दातेरी नळी). स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं वावर आणि अधूनमधून कोर्स अशा दोन्ही ठिकाणी काही महिने वापरल्यावर लक्ष राहिलं ते एकाच जागी: हेड शाफ्टला धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर.

काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. लॉफ्ट बदलायला हेड उघडलं की ती स्लीव्हच्या दात्यांत आणि हॉझलच्या (हेडमधल्या शाफ्ट बसवायच्या भोकाच्या) आतल्या बैठकीवर जाऊन बसते. मग पाना 'टक' करतो, स्क्रू घट्ट झाला असं वाटतं, पण दाब धातूवर नसून धुळीच्या कणांवर असतो. दहा-वीस फटक्यांत कण चिरडतात, स्क्रूचा ताण जातो आणि मारताना हेडमधून बारीक खडखड येऊ लागते. हेड फुटलं समजून लोक थेट विक्रेत्याकडे धावतात. तिकडून उत्तर येतं की अख्खा क्लब पॅक करून पाठवा. चार फुटांच्या खोक्याचा कुरिअर खर्च आपला, आणि एक सुटा स्क्रू नि वॉशर मागितला तर तो मिळत नाही. एवढ्या महागाच्या वस्तूसोबत जादा स्क्रू द्यायला काय हरकत आहे? हा राग अजून गेलेला नाही.

उपाय घरचाच आहे. स्क्रू पूर्ण सोडा, हेड ओढून वेगळं करा. कोरड्या जुन्या टूथब्रशने दाते झाडा, कानकाडीने हॉझलची आतली कड पुसा, फुंकर मारा. तेल, ग्रीस काही लावायचं नाही. आट्यांना तेल लागलं की त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. बसवताना हेड हाताने पूर्ण आत दाबून धरा आणि मगच पाना फिरवा. सोबतचा पाना साधारण ४० इंच-पाउंडला, म्हणजे ४.५ न्यूटन-मीटरला टक करतो, तिथे थांबायचं. पाना हरवला तर गॅरेजमध्ये टी-२५ बिट मिळेल, पण मेकॅनिकच्या लांब हँडलने आवळू नका, स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. धुळीत सराव असेल तर दर पन्नासेक चेंडूंनंतर पाना लावून बघावा.

सुरुवातीला मत असं होतं की हे फिरवाफिरवीचं प्रकरण म्हणजे जास्त पैसे घ्यायचा बहाणा. आता ते अर्धं बदललंय. वजन सरकवण्याबद्दल कायम आहे: हीलकडे (हेडच्या शाफ्टकडच्या बाजूला) नेलं तर उजवीकडे जाणारा चेंडू थोडा कमी जातो, पण स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाण्याची खोड) सुटत नाही. स्लीव्हचं मात्र तसं नाही. लॉफ्ट वाढवणाऱ्या +१ वर उजव्या हाताच्या खेळाडूचा फेस जरा बंद होतो (डावीकडे वळतो), आणि स्लाइसवाल्याला त्याचा खरा फायदा मिळतो. इथे एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. क्लब जमिनीवर नुसता टेकवला तर मुख्यतः फेसचा कोन बदललेला असतो. वाढलेला लॉफ्ट मिळतो तो फेस हाताने सरळ करून पकडला तरच. −१ ला याच्या उलट, फेस उघडा. म्हणून 'लॉफ्ट कमी केला तरी चेंडू उजवीकडेच' ही तक्रार वाजवी आहे, दोष क्लबचा नाही.

दुसरं, एकेरी (एकच फिरणारा भाग असलेली) स्लीव्ह फिरवली की शाफ्टही फिरतो आणि त्यासोबत ग्रिपही. ग्रिपच्या खालच्या बाजूला उंच रेघ असेल तर ती भलत्याच बोटाखाली येते. बिनरेघेची गोल ग्रिप बसवून घ्या.

सेटिंग एकदा सापडलं की हेड उघडू नका. राउंड चालू असताना सेटिंग बदलणं नियमात बसत नाही. स्वतःहून ढिलं झालेलं हेड मूळ सेटिंगवर घट्ट करायला मात्र परवानगी आहे. म्हणून पाना बॅगेत असू द्या.

मे महिन्यात वावरात टी (चेंडू ठेवायची खुंटी) रोवायच्या भानगडीत पडू नका. भेगाळलेल्या ढेकळांत लाकडी टी मोडते. चटई आणि रबरी टी घ्या, अर्धा चेंडू हेडच्या वर दिसेल एवढी उंची ठेवा. चटई नसेल तर तळाचं वजन आणि त्याचा स्क्रू खड्यांनी ओरबाडला जातो. मारा धुऱ्याला समांतर, म्हणजे चेंडू शेजारच्या वावरात जाणार नाहीत.

अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते, आणि स्लीव्ह शाफ्टला चिकटवणारं इपॉक्सी तिथे मऊ पडतं. स्लीव्हच्या वरची काळी प्लास्टिकची रिंग कागदभर वर सरकलेली दिसली तर मारणं थांबवा. स्लीव्ह निघालीच तर जुना गोंद खरवडा, टोक पॉलिशपेपरने घासा, पुसून दोन ट्यूबचं सावकाश सुकणारं इपॉक्सी लावा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारं इथे टिकत नाही.

जुना ड्रायव्हर घेत असाल तर विकणाऱ्यासमोर हेड उघडायला लावा. स्लीव्हचे दाते झिजलेले किंवा स्क्रूचं डोकं फिरलेलं दिसलं तर फेस कितीही चकचकीत असो, पैसे देऊ नका.