चौथ्या स्टेजच्या पेशंटने मन मोकळं करायचं कोणाजवळ? फोन, हॉस्पिटल का गावातला माणूस

घरी ॲडव्हान्स कॅन्सरचा पेशंट आहे आणि दर वेळी नागपूरले नेणं जमत नाही, त्यांच्यासाठी लिहितो. औषधाचं नाही, फक्त बोलायच्या सोयीचं.

टेली-मानस, 14416. मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाईन. ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता घर झोपलेलं असलं तरी लावता येते हा मोठा फायदा. पण समोरचा अनोळखी, अन आपल्याकडचे म्हातारे फोनवर "बरं आहे" च्या पुढे जात नाहीत, त्यात रेंज गेली का संपलं. मला वाटते हा नंबर पेशंटपेक्षा सांभाळणाऱ्या बाईच्या जास्त कामाचा, तिले तर घरात कोणापुढे रडायची सोय नसते.

हॉस्पिटल. नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो का जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, जिथे फाईल आहे तिथेच समुपदेशक आणि पॅलिएटिव्ह केअरचं (दुखणं अन त्रास कमी करायची सेवा) विचारायचं, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. पॅलिएटिव्हचं नाव ऐकूनच लोक घाबरतात, आता हात टेकले म्हणून तिकडे ढकललं म्हणतात, तसं नाही, केमो चालू असतानाही हे घेता येते. आणि दुखणं पण तेच पाहतात, मॉर्फिन, म्हणजे जबर दुखण्यावरचं औषध, साध्या मेडिकलवर भेटत नाही (2014 मध्ये त्याचा कायदा सैल झाला तरी). रात्रभर कण्हणारा माणूस मनातलं काय बोलणार बाप्पा, म्हणून दुखणं असेल तर आधी हेच. तोटा म्हणजे प्रवास आणि ओपीडीची गर्दी. एसटीत कॅन्सर पेशंटले सवलत आहे तेवढी विचारून घ्या.

गावातला माणूस. पैसे नाही, प्रवास नाही, पण निवड चुकली का ताप. भेटीले येणारे सोयरे "अमक्याले असाच झाला होता, सहा महिन्यात गेला" सांगून चहा पिऊन निघतात, नाहीतर कोणत्यातरी झाडाची साल सुचवतात. असा पाहा जो चूप बसू शकतो, पेशंटने "मी वाचतो का?" विचारलं तर "काही होत नाही तुले" म्हणून विषय तोडत नाही, "काहून, काय वाटून राहिलं तुले?" एवढंच विचारतो. आणि घरचे आजार लपवत असतील तर कितीही चांगला माणूस बसवा, फायदा नाही, बहुतेक वेळा पेशंटले सगळं समजलेलं असते.

दुखणं आटोक्यात असेल तर मी हाच पर्याय घेईन, 14416 सेव्ह करून. जीव द्यायची भाषा निघाली तर मात्र त्याले एकटं सोडू नका, लगेच तो नंबर लावा. बाकी कोण पाहिजे हे पेशंटलेच विचारा ना, आपण मोठ्या पोराले बसवतो अन त्याले पाहिजे असते पानठेल्यावरचा जुना दोस्त.