ॲप झकास, पण कोण बोललं तेच गायब (५ पैकी २ स्टार)

तीन महिने झाले हे मराठी बातम्यांचं ॲप वापरतोय, नाव घेत नाही, सपोर्टला मेल टाकलाय, "टीम लक्ष घालतेय" असं उत्तर आलंय, बघू. आधी चांगलं सांगतो. पटकन उघडतं, अक्षर मोठं करता येतं, जाहिराती कमी, आणि बातमी वाचून दाखवायची सोय आहे म्हणून वडील सकाळी कानात घालून बसतात. एवढ्यावर ४ स्टार नक्की दिले असते. पण मी काही वर्षं पेपरच्या डेस्कवर काढलीयत, खोड जात नाही, बातमी दिसली की डोळा आधी "हे सांगितलं कोणी" तिकडे जातो आणि इथे नेमकी तिथेच बोंब आहे.

सगळ्यात मोठा घोळ नोटिफिकेशनचा. मराठीत "असं पोलिसांनी सांगितलं" हे येतं वाक्याच्या शेपटाला, आणि मोबाईलवर ओळ कापली जाते तीही शेपटाकडूनच. म्हणजे स्क्रीनवर उरतं "भाच्यानेच मामाला संपवलं, अ..." आणि आत जाऊन वाचलं की कळतं हा पोलिसांचा नुसता संशय आहे, त्याला अजून कोर्टात पण नेलेलं नाही. तोवर वडिलांनी दोघांना फोन करून झालेला असतो! अरे "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" पुढे घ्या ना, किंवा सरळ "पोलीस:" टाका. "त्यांनी सांगितलं की" अशी सुरुवात केली तर आमचे चीफसब, म्हणजे मुख्य उपसंपादक, लाल पेनाने खोडायचे, इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी ढापल्यासारखी वाटते म्हणून, आणि छापील बातमीत मलाही ते शेवटीच बरं वाटतं, पण नोटिफिकेशनमध्ये तो "की" परवडला.

बाकी व्याकरणाची तर दैनाच. "मंत्र्यांनी म्हणाले" हे आठवड्यातून एकदा तरी असतंच. मंत्री म्हणाले, मंत्र्यांनी सांगितलं, फार तर मंत्र्यांनी म्हटलं, शाळेतलं पोर पण बोलताना चुकत नाही. मग "असे आरोप केला", "असे माहिती दिली". असा आरोप, अशी माहिती, असं मत, पुढच्या नामाप्रमाणे बदलतं ते, पण इथे बहुतेक मशीनने "असे" खिळा ठोकून बसवलाय. आणि सूत्रांचं तर विचारूच नका, "मिळालेल्या माहितीनुसार बैठक झाली असल्याचे समजते, असे सूत्रांनी सांगितले". एका वाक्यात तीनदा हात झटकले, तरी सूत्रं पक्षातली की मंत्रालयातली याचा पत्ता नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते "आपण" गायब होणं. "आपण राजीनामा देणार नाही, असं ते म्हणाले" यात शंकेला जागाच नाही, जो बोलतोय तोच देणार नाहीये. हे लोक लिहितात "ते म्हणाले की ते राजीनामा देणार नाहीत". बातमीत दोन नेते, दोघेही "ते", आता कोणता ते? मराठीने एवढा सोयीचा शब्द दिलाय आणि तो इंग्रजीतून भाषांतर करताना सांडतोय.

आणि प्रत्येक गोष्टीचा "धक्कादायक खुलासा". हिंदीत ठीक आहे, तिकडे गौप्यस्फोटाला पण खुलासा म्हणतात, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, कारणे दाखवा नोटिशीत मागतात तो. "कबूल केलं" तर कुठेही. एक डॉक्टर नुसतं म्हणाले की मी त्या दिवशी रजेवर होतो, तर बातमीत "कबूल केले". झाला ना बिचारा गुन्हेगार. साधं "सांगितलं" लिहायला काय जातं, तेच तेच झालं तरी चालतं, वाचणाऱ्याला त्याचा कंटाळा येत नाही, लिहिणाऱ्यालाच येतो.

दोन स्टार मोठ्या अक्षराचे आणि कमी जाहिरातींचे. वाचून दाखवण्याचा तिसरा देणार होतो पण परवा वडील म्हणाले, "हे ॲप सरकारला फार शिव्या घालतं रे". बघितलं तर विरोधी पक्षनेत्याचं आख्खं भाषण होतं, अवतरणचिन्हात, आणि "असं ते म्हणाले" कुठेच नाही. अवतरणचिन्ह ऐकू कसं येणार त्यांना.