सीएमएल: दर तीन महिन्यांनी बोन मॅरो, फिश की पीसीआर?

सीएमएलचं (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान झालंय, गोळी सुरू झालीय, काउंट खाली यायला लागलेत आणि पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीवर दोन-तीन नावं दिसताहेत. यातल्या कशावर भिस्त ठेवायची, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्या वर्षात मी तिन्ही तपासण्या करून पाहिल्या, आता एकीवरच आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तेव्हा हे सगळं वाचून शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

सीबीसीबद्दल (रक्तपेशींची साधी मोजणी) फार लिहीत नाही, ती करावी लागतेच. पांढऱ्या पेशी आटोक्यात आल्या की घरादाराचा जीव भांड्यात पडतो, माझ्याकडेही तसंच झालं. पण काउंट नॉर्मल आल्यावरही फिलाडेल्फिया क्रोमोसोमवाल्या, म्हणजे या आजाराच्या पेशी अंगात भरपूर शिल्लक असू शकतात. त्या मोजायच्या कशा, इथून खरा प्रश्न सुरू होतो.

आधी बोन मॅरो. सुई टोचताना फारसं काही होत नाही, भूल दिलेली असते. पण मगज ओढून घेतात ते दोन-तीन सेकंद विसरता येत नाहीत. तरीही पहिल्या वेळची मॅरो कुणी टाळू नये, असं मी आवर्जून सांगेन. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो आखूड फिलाडेल्फिया क्रोमोसोम दिसला. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की ही ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोममधल्या तुकड्यांची अदलाबदल आहे. मॅरोच्या पेशींवरची क्रोमोसोम तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, आजही त्याच पद्धतीने, सगळे क्रोमोसोम मांडून बघतात. त्यामुळे ९-२२ सोडून आणखी काही बिघाड आहे का, हे तिथे कळतं. मॅरोत ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) किती आहेत, म्हणजे आजार कोणत्या टप्प्यात आहे, तेही कळतं. बाकीच्या दोन तपासण्या हे सांगत नाहीत. मात्र दर खेपेला पाहायचं तर तिची नजर अधू आहे. साधारण २० विभाजन होणाऱ्या पेशी पाहतात. त्या विसाच्या वीस स्वच्छ निघाल्या तरी पुढचं चित्र अंधारातच राहतं. कधी कधी तेवढ्या पेशी हातीच लागत नाहीत.

मग फिश, म्हणजे जीनवर रंगीत ठिपके लावून पेशी मोजायची तपासणी. मला ती सुरुवातीला फार आवडली होती. दंडातल्या रक्तावर होते, पेशी विभाजन होत असण्याची गरज नाही आणि २०० किंवा त्याहून जास्त पेशी मोजतात. या अदलाबदलीत जोडल्या जाणाऱ्या बीसीआर आणि एबीएल या दोन जीनपैकी एकाला लाल ठिपका, दुसऱ्याला हिरवा, दोन्ही जिथे चिकटले तिथे पिवळा. समजायलाही सोपी.

सहाव्या महिन्यात माझी फिश ०.५ टक्के आली, म्हणजे २०० पेशींत एक. खाली लिहिलं होतं निगेटिव्ह. नवव्या महिन्यात १ टक्का, म्हणजे २०० पेशींत दोन. खाली पुन्हा निगेटिव्हच! तो कागद हातात घेऊन मी रात्रभर बसलो होतो. दुप्पट झालं, गोळी लागू पडत नाही, हेच डोक्यात. सकाळी डॉक्टरांनी समजावलं की निरोगी माणसाच्या पेशीतही कधी कधी लाल आणि हिरवा ठिपका योगायोगाने एकमेकांवर पडतो. म्हणून प्रत्येक लॅब एक कट-ऑफ ठरवते आणि त्याच्या खालचा आकडा धरत नाही. म्हणजे त्या एका जादा पेशीला अर्थच नव्हता. माझं समाधान झालं, पण रागही आला. ज्या आकड्याला अर्थ नाही तो छापायचा, आणि ज्याला अर्थ आहे तो या तपासणीला दिसतच नाही. कट-ऑफच्या खाली गेल्यावर आजार कमी होतोय, थांबलाय की वाढतोय, तिन्हीला उत्तर एकच, निगेटिव्ह. माझा निर्णय या एका पेशीने केला.

कारण त्याच दोन तारखांच्या पीसीआरच्या रिपोर्टमध्ये ०.८४ टक्क्यांवरून ०.२१ टक्के झालं होतं. आजार सरळ उतरत होता.

बीसीआर-एबीएलची क्वांटिटेटिव्ह पीसीआरही रक्तावरच होते, पण ती त्या जोडलेल्या जीनचा आरएनए (जीनची पेशीत बनणारी नक्कल) मोजते आणि लाखभर पेशींत एखादी उरली असेल तरी सहसा हुडकते. डॉक्टर ज्या पायऱ्या सांगतात त्या याच आकड्यावर आहेत. तिसऱ्या महिन्यात १० टक्क्यांपर्यंत, सहाव्यात १ पर्यंत, वर्षाला ०.१ पर्यंत. या ०.१ ला मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. पुढे गोळी थांबवून पाहायची असेल तर ०.०१ किंवा त्याखाली बरीच वर्षं टिकावं लागतं, तिथे फिश आणि मॅरोचा काहीच उपयोग नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका. या मोजपट्टीवरचे १०० म्हणजे तुमचा स्वतःचा पहिला आकडा नव्हे. तो इमॅटिनिब या सीएमएलच्या गोळीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचणीतल्या पेशंटांवरून ठरवलेला सगळ्यांसाठीचा पाया आहे.

पीसीआरलाही खोडी आहेत. रिपोर्टवर इंटरनॅशनल स्केल, म्हणजे आयएस, लिहिलेलं नसेल तर तो आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. आयएस असूनही लॅब बदलली की फरक पडतो. माझं वर्षाला ०.०९ होतं. एकदा सोयीसाठी दुसरीकडे सँपल दिलं तर ०.१७ आलं. महिन्याने जुन्या लॅबमध्ये पुन्हा केलं, ०.०८. इतक्या खालच्या पातळीवर दुप्पट-तिप्पट हेलकावा तपासणीचाच असू शकतो, म्हणून एका आकड्यावर घाबरायचं नाही. आता मी लॅब बदलत नाही. मागचे सगळे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहिले आहेत, डॉक्टरही आधी तीच वही मागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘आढळलं नाही’ असं आलं तर शेजारी कंट्रोल जीनच्या (सँपल पुरेसं आहे का हे पाहायला मोजतात तो जीन, इथे एबीएल) प्रती किती ते बघा. एबीएलच्या प्रती १०,००० पेक्षा कमी असतील तर सँपलच पातळ होतं, त्या शून्यावर फार विसंबू नये. आरएनए लवकर तुटतो, तेव्हा जांभळ्या झाकणाची ती नळी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी देऊ नका.

हल्ली काडतुसावर चालणारी स्वयंचलित पीसीआरही मिळते, उत्तर दोनेक तासांत. हातकाम कमी, म्हणून चुकाही कमी. तुमच्या जवळ ती एकच सोय असेल तर बिनधास्त घ्या, फक्त पुढेही तीच ठेवा.

आता माझं मत जिथे लागू होत नाही ती जागा. बहुतेकांचा बीसीआर-एबीएलचा जोड ई१३ए२ किंवा ई१४ए२ प्रकारचा असतो, आणि नेहमीची पीसीआर व काडतूस तोच शोधतात. थोड्या जणांचा वेगळा असतो. त्यांच्यात ही पीसीआर सुरुवातीपासूनच ‘निगेटिव्ह’ येऊ शकते, आजार पूर्ण भरात असतानाही. त्यांच्यासाठी फिश किंवा त्या प्रकारासाठीची खास पीसीआर हाच आधार, आणि तिथे माझी फिशवरची नाराजी गैरलागू आहे. म्हणून निदानाच्या वेळचा कागद एकदा काढून बघा, ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे या जोडाचा, प्रकार लिहिलाय का. लिहिला नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच विचारा, सँपल द्यायच्या आधी.