जप्त गाडी सोडवण्याचा ब्रिटनमधला विमा : काही महिन्यांनंतरचा अनुभव

विमा नसल्यामुळे पोलिसांनी उचललेली गाडी सोडवण्यासाठी ब्रिटनमध्ये जी खास अल्पमुदतीची पॉलिसी मिळते, ती मी गेल्या जुलैमध्ये घेतली. पॉलिसी घेतली त्याच दिवशी गाडी सुटली, आणि तेवढ्यापुरते पाहिले तर तिने आपले काम चोख केले. तरीही इतक्या महिन्यांनंतर माझा राग एकाच गोष्टीवर टिकून आहे : एका दिवसाच्या कामासाठी कंपनीने तीस दिवसांचा हप्ता घेतला आणि उरलेल्या दिवसांपोटी एक पेनीही परत केली नाही.

गाडी उचलली जाण्याचे कारण थोडक्यात सांगतो. माझ्या वार्षिक विमा कंपनीने नो क्लेम बोनसचा दाखला मागितला होता. तो मी मुदतीत तिच्या संकेतस्थळावर चढवला आणि त्याची पोचही माझ्याकडे आहे. पण कंपनीच्या एका विभागाकडून तो दुसऱ्याकडे गेला नाही आणि पॉलिसी रद्द झाली. विमा असलेल्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या मोटर इन्शुरन्स डेटाबेसमधून गाडीचे नाव गेले की नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांना ते कळायला वेळ लागत नाही. स्लाउ शहराजवळ पोलिसांनी आम्हाला थांबवले, रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८च्या कलम १६५अ खाली गाडी ताब्यात घेतली, आणि भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही उभयता बसथांब्यावर उभे राहिलो.

नवी पॉलिसी घेतली की गाडी मिळते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवरच्या अनेक वार्षिक पॉलिसींत, आणि एक-दोन दिवसांच्या पॉलिसींत तर जवळजवळ नेहमीच, जप्त वाहन सोडवण्यासाठी हा विमा चालणार नाही असे कलम असते. दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा देणारे कलमही येथे उपयोगी पडत नाही. जप्त गाड्या ठेवतात त्या यार्डातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी माझे लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा वरवर चाळून बाजूला ठेवला. विम्याच्या प्रमाणपत्रावर मात्र त्यांनी पेनाचे टोक ओळीओळीवरून फिरवले, जप्त वाहनाचा उल्लेख असलेल्या ओळीवर ते थांबवले, मुदत तीस दिवसांची आहे ना हे पाहिले आणि मगच शिक्का मारला. गाडी उचलून नेण्याचे १९२ पौंड आणि ठेवण्याचे दर दिवसाचे २६ पौंड तिथेच भरावे लागले. हा आकडा रोज वाढत असतो, आणि १४ दिवसांत कोणी दावा केला नाही तर गाडी लिलावात किंवा भंगारात जाऊ शकते, त्यामुळे चार ठिकाणी भाव विचारत बसण्याची चैन परवडत नाही. हे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. माझ्या वर्षाच्या हप्त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश रक्कम त्यांनी एका महिन्यासाठी लावली.

सुरुवातीला मी या तीस दिवसांच्या अटीला सरळ लूट म्हणत होतो. आता ते मत थोडे बदलले आहे, कारण ही अट मुळात पोलिसांकडून येते. एका दिवसाचा विमा काढून गाडी बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विनाविमा फिरवायची, हा प्रकार त्यांना थांबवायचा आहे, आणि ते मला पटते. कंपनीचे वागणेही इतर बाबतीत सभ्य होते. फोन लगेच उचलला गेला, प्रमाणपत्र काही मिनिटांत ईमेलवर आले, आणि डेटाबेसमध्ये नोंद व्हायला वेळ लागू शकतो म्हणून त्याची प्रत गाडीत ठेवा, हा सल्लाही त्यांनी आपणहून दिला.

पण गाडी सुटल्यावर काही दिवसांतच वार्षिक कंपनीने माझी तक्रार मान्य करून जुनी पॉलिसी अखंड धरली, आणि तेव्हापासून एकाच गाडीचा मी दोनदा विमा भरत होतो. अल्पमुदतीची पॉलिसी बंद करून उरलेले पैसे द्या, असे लिहिले तर उत्तर आले की १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क एक महिन्यापेक्षा कमी मुदतीच्या विम्याला लागू नसतो, आणि जुलै ३१ दिवसांचा असल्याने तीस दिवस म्हणजे महिन्यापेक्षा कमी. गाडी फेब्रुवारीत उचलली गेली असती तर यांनी कोणते पंचांग काढले असते, हे मी त्यांना लेखी विचारले आहे.

वार्षिक कंपनीविरुद्धचा लढा मात्र अवश्य लढावा, आणि तो पैशांसाठीच नव्हे. विमा कंपनीने तुमची पॉलिसी कधी रद्द केली आहे काय, हा प्रश्न इथल्या प्रत्येक अर्जात असतो आणि 'होय' म्हणताच हप्ता चढतो. म्हणून नुसती दिलगिरी न स्वीकारता, रद्द केल्याची नोंद मागे घेतल्याचे पत्र मी मागून घेतले; विनाविम्याच्या ३०० पौंड दंडाची आणि लायसन्सवरच्या ६ दंडगुणांची नोटीसही त्याच पत्राच्या आधारे मागे घेतली गेली. कंपनीने आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या लोकपालाकडे, ग्राहकाला विनाशुल्क जाता येते. यार्डाचे सर्व पैसे मला परत मिळाले. अल्पमुदतीच्या हप्त्याबद्दल मात्र वार्षिक कंपनी म्हणते की तो व्यवहार दुसऱ्या कंपनीशी झाला, आणि दुसरी कंपनी जुलैचे दिवस मोजते. त्या रकमेची तक्रार मी आता ऑम्बुड्समनकडे पाठवली आहे.