पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेची बालसुरक्षा व्यवस्था : दीड वर्षानंतरचे परीक्षण

माझी मुलगी जून २०२४ मध्ये सोलापूरच्या पूर्व भागातील एका खाजगी अनुदानित मराठी शाळेत पहिलीत दाखल झाली आणि आता ती दुसरीत आहे. शाळेविषयी लिहिताना पालक सहसा निकाल, स्नेहसंमेलन, मैदान आणि शुल्क यांबद्दल लिहितात. मी मात्र एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, आणि ती म्हणजे सहा ते दहा वर्षांची मुले दिवसातले सहा-सात तास शाळेच्या ताब्यात असताना शाळा त्यांना कशी जपते. शाळेचे नाव मी देत नाही, कारण पुढे एका लहान मुलीचा प्रसंग सांगायचा आहे आणि नाव दिले तर ती मुलगी कोण हे आमच्या भागातल्या कोणालाही सहज ओळखता येईल. पाचपैकी साडेतीन गुण मी या व्यवस्थेला देते. कापलेला दीड गुण कशासाठी, तेही सविस्तर लिहिते.

आधी या शाळेची सर्वांत चांगली बाजू, म्हणजे शाळा सुटतानाची व्यवस्था. साडेचारला घंटा झाली की मुले वर्गवार रांगेत फाटकाच्या आतल्या बाजूला बसतात. प्रत्येक पालकाला वर्षाच्या सुरुवातीला एक ओळखपत्र मिळते, त्यावर मुलाला नेण्याची परवानगी असलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्तींची छायाचित्रे असतात. वर्गशिक्षिका कार्ड पाहतात, चेहरा पाहतात, मग मुलाचे नाव पुकारतात. ही पद्धत केवळ कागदावर आहे की खरोखर पाळली जाते, याचा अनुभव मला जानेवारी २०२५ मध्ये आला. गड्ड्याची यात्रा सुरू होती. माझे धाकटे दीर बार्शीहून अचानक आले, पुतणीला होम मैदानावर पाळण्यात बसवायचे म्हणून थेट शाळेत गेले आणि अर्धी सुट्टी मागू लागले. कार्ड त्यांच्याजवळ नव्हते, कार्डावर त्यांचे छायाचित्रही नव्हते. मुलीने धावत येऊन त्यांना मिठी मारली, "बाई, हा माझा काका आहे," असे सांगितले, तरीही बाईंनी मुलीला सोडले नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. मागांच्या आवाजात बाईंचे दोन फोन मला ऐकूच आले नाहीत. तिसरा मी घेतला. तोपर्यंत पंचवीस मिनिटे मुलगी कार्यालयात मुख्याध्यापिका बाईंच्या शेजारी बसून होती आणि दीर फाटकाबाहेर संतापाने लाल झाले होते.

त्या दिवशी मलाही शाळेचा रागच आला होता, हे मान्य केले पाहिजे. आपल्या माणसाला चोरासारखे फाटकाबाहेर उभे करणे आपल्याकडे अपमानाचे समजले जाते. पण मुलाशी गैरवर्तन करणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्याच्या ओळखीची असते, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतून हीच गोष्ट वर्षानुवर्षे समोर येते. मुलाने मिठी मारणे हा बाईंच्या दृष्टीने पुरावा होऊच शकत नव्हता. बाई एका शब्दानेही उद्धट बोलल्या नाहीत, दिरांना खुर्ची आणि पाणी दिले, पण नियम वाकवला नाही. त्यानंतर शाळेने सर्व पालकांकडून एक परवलीचा शब्द लिहून घेतला. कार्ड नसेल तर फोनवर तो शब्द सांगावा लागतो आणि मुलालाही तो ठाऊक असतो. आमच्या मुलीने तो शब्द स्वतः निवडला आणि आजवर मैत्रिणींनाही सांगितलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची बातमी आली, तेव्हा माझी मुलगी शाळेत जाऊ लागून जेमतेम दोन महिने झाले होते. राज्य शासनाने २१ ऑगस्टला शासन निर्णय काढून सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सुरक्षा समित्या यांविषयी शाळांना आदेश दिले. शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सखी सावित्री समितीचा आदेश तर त्याआधीच, २०२२ मध्ये निघालेला होता. आमच्या शाळेत कॅमेरे दिवाळीपूर्वी बसले. फाटक, दोन्ही मजल्यांचे व्हरांडे आणि पोषण आहाराची जागा त्यांत दिसते. स्वच्छतागृहाकडे वळणारा बोळ आणि मागचा जिना दिसत नाही. हे मी पालक सभेत सांगितले, त्यानंतर बोळाच्या तोंडाशी आणखी एक कॅमेरा लागला. जिन्याकडे मात्र अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही.

चारित्र्य पडताळणीची नोंदवही पाहायला मागितली तेव्हा लिपिकांनी ती विनातक्रार दाखवली, हे नमूद करायला हवे. सर्व शिक्षक आणि शिपाई यांची नोंद तीत होती. स्नेहसंमेलनापुरते येणारे नृत्यशिक्षक आणि पाण्याची टाकी धुणारे कामगार यांची नव्हती. बदलापूरचा आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, हे लक्षात घेतले तर ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. या वर्षी नृत्यशिक्षकांची पडताळणी झाली आणि सरावाच्या वेळी एक शिक्षिका सतत सभागृहात बसून असतात. टाकी धुण्याचे काम आता रविवारी, मुले नसताना होते. हा दुसरा उपाय फार साधा आहे आणि मला विशेष आवडला.

आता तक्रारपेटीविषयी, कारण या शाळेकडून मी सर्वांत जास्त शिकले ते येथेच. पेटी मुख्याध्यापिका बाईंच्या दाराशेजारी, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर लावलेली होती आणि तिची किल्लीही त्यांच्याकडेच होती. पहिलीतल्या मुलाला धड लिहिता येत नाही, हात पेटीपर्यंत पोहोचत नाही आणि दारात बाई दिसत असतात. शिवाय आमच्या भागात प्रश्न भाषेचाही आहे. येथे विणकरांची आणि विडी कामगारांची वस्ती आहे. घरात तेलुगू बोलणारी मुले वर्गात निम्म्याहून अधिक आहेत, काही कन्नड बोलतात, काही दखनी. पहिलीच्या वर्गात मराठी ही अनेकांसाठी नव्याने शिकायची भाषा असते. अशा मुलाला आपली भीती मराठीत, तीही लिहून सांगायला लावणे म्हणजे त्याला गप्प बसवण्यासारखेच आहे.

गेल्या वर्षी पहिलीतल्या एका मुलीने दुपारनंतर पाणी पिणेच बंद केले. वर्गशिक्षिकांना वाटले की थंडीचे दिवस आहेत म्हणून असेल. शाळेत ज्या मावशी झाडलोट करतात आणि मुलांना स्वच्छतागृहापर्यंत सोडतात, त्यांना सगळी मुले अक्का म्हणतात. अक्का घरी तेलुगूच बोलतात. त्यांनी एकदा त्या मुलीला जिन्यावर बसवून तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधता बांधता तेलुगूत विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भयमैतदी, अक्का." भीती वाटते. थोड्या वेळाने बाकीचेही बाहेर पडले. वरच्या वर्गातली दोन मुले ती आत गेली की दाराला बाहेरून कडी घालत आणि हसत निघून जात. अक्कांनी त्याच दिवशी शाळा सुटण्यापूर्वी वर्गशिक्षिकांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सर्व दारांच्या बाहेरच्या कड्या सुताराकडून काढून घेतल्या गेल्या, पहिली-दुसरीसाठी खालच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह वेगळे ठेवण्यात आले आणि त्या दोन मुलांना पालकांसमोर, पण वर्गात तमाशा न करता, समज देण्यात आली. मुलीच्या आईला शाळेने स्वतःहून बोलावले आणि अक्कांना शेजारी बसवून तेलुगूतून सर्व सांगितले. पेटीत त्या दिवसापर्यंत एकही चिठ्ठी पडलेली नव्हती.

या प्रसंगानंतर पेटी खाली आली आणि किल्ली सखी सावित्री समितीतील एका पालक सदस्येकडे गेली. चिठ्ठीऐवजी चित्र टाकले तरी चालेल, असे मुलांना सांगण्यात आले. याहून महत्त्वाचे म्हणजे दर शनिवारी शेवटच्या तासाला अक्का आणि कन्नड येणाऱ्या एक शिक्षिका पहिली-दुसरीच्या मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत गप्पा मारतात. सोलापुरातील दुसऱ्या कोणत्या शाळेत असे होत असेल तर मला ते जाणून घ्यायला आवडेल. माझ्या मते या शाळेच्या कॅमेऱ्यांपेक्षा तो एक तास अधिक मोलाचा आहे.

सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श हा विषय शाळा वर्षातून दोनदा शिकवते. चांगला-वाईट असे शब्द शिक्षिका कटाक्षाने टाळतात. त्याचे कारणही त्यांनी पालकांना समजावून सांगितले: असुरक्षित स्पर्श मुलाला प्रत्येक वेळी वाईटच वाटेल असे नाही, आणि वाईट वाटले नाही म्हणून दोष आपलाच, असे मुलाला वाटू नये. पालकांसाठीची पहिली बैठक मात्र पूर्णपणे मराठीत झाली आणि मागच्या रांगेतल्या आज्या अर्ध्यातून उठून विड्या वळायला घरी गेल्या. दुसऱ्या वेळी तेलुगूत सांगणारी व्यक्ती होती आणि कोणी उठले नाही. १०९८ हा संकटातल्या मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक मुलांकडून पाढ्यासारखा म्हणून घेतला जातो. माझी मुलगी भांडी घासताना माझ्या मागे उभी राहून "दहा नऊ आठ" असे तालावर म्हणत असते.

आता उणिवा. दुसरीच्या प्रवेशापूर्वी मी तीन शिक्षिकांना वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला: एखाद्या मुलाने तुम्हाला लैंगिक गैरवर्तनाविषयी काही सांगितले तर तुम्ही काय कराल? दोघींची उत्तरे समाधानकारक होती. त्या म्हणाल्या की मुलाचे शांतपणे ऐकून घेऊ, पुन्हा पुन्हा खोदून विचारणार नाही, कोणाला सांगणार नाही असे वचन देणार नाही आणि लगेच मुख्याध्यापिका व पोलिसांना कळवू. तिसऱ्या म्हणाल्या, "आधी दोन्हीकडच्या पालकांना बोलावू, शाळेच्या पातळीवर मिटते का ते पाहू." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मुलीच्या आणि शाळेच्याही नावाची काळजी होती. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, मिटवून टाकण्याला जागाच नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदनामीच्या भीतीवरही कायद्यातच उत्तर आहे. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, जबाब मुलाच्या घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा असतो आणि तो घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, असे कलम २४ सांगते. हे ज्ञान तिघींपैकी दोघींना असणे मला पुरेसे वाटत नाही. अर्धा गुण मी येथे कापला आहे.

संपूर्ण एक गुण कापला तो व्हॅनसाठी. फाटकाशी एवढी कडक असणारी शाळा व्हॅनने जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या बाबतीत, अगदी सैल होती. ना यादी, ना कार्ड. व्हॅनवाले काका हात वर करत आणि मुले धावत जाऊन बसत. जुलै २०२५ मध्ये आमचे नेहमीचे काका आजारी पडले आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाने माझ्या मुलीला अशोक चौकाच्या पलीकडे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या लांब उतरवले. एका किराणा दुकानदाराने तिला ओळखले आणि दुकान नोकराच्या हवाली करून तिला घरी आणून सोडले. तिच्या पायात एकच बूट होता. दुसरा व्हॅनमध्येच राहिला होता. ज्या काकांना फाटकावर पंचवीस मिनिटे उभे केले होते ते सख्खे होते, आणि या माणसाचे नावही कोणी विचारले नव्हते.

शाळेत गेले तेव्हा पहिले उत्तर मिळाले की फाटकाबाहेरची जबाबदारी पालकांची आहे, कारण व्हॅन पालकांनीच ठरवलेली असते. हे उत्तर मला मान्य नाही. महाराष्ट्रात स्कूल बसविषयीचे नियम २०११ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. आमच्या शाळेत ती कागदावर होती. आम्ही नऊ पालकांनी लेखी अर्ज दिल्यावर सप्टेंबरमध्ये तिची बैठक झाली. मुख्याध्यापिका बाईंनी पहिले उत्तर मागे घेतले आणि बैठकीत तसे स्पष्ट सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आता प्रत्येक व्हॅनची मुलांची यादी फाटकावर असते, चालक बदलणार असेल तर आदल्या दिवशी त्याचे छायाचित्र पालकांच्या गटात येते आणि एक शिक्षिका मुले मोजून बसवतात.

ही पद्धत दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाली. पण एका व्हॅनमध्ये अजूनही क्षमतेपेक्षा जास्त मुले बसतात आणि मुलींसाठी महिला मदतनीस कोणत्याच व्हॅनमध्ये नाही. पुढची बैठक जानेवारीत आहे आणि हे दोन्ही मुद्दे आम्ही विषयपत्रिकेत घालून घेतले आहेत. तोपर्यंत मी कारखान्यातून अर्धा तास लवकर निघते, कार्ड दाखवते आणि मुलीला स्वतः घरी नेते.