जुन्या दुनळीत काय घालावं: काळ्या दारूचं काडतूस की ६५ मिलिमीटरचं हलकं नायट्रो?

माझी बंदूक बर्मिंगहॅमची, घोड्यांची दुनळी, १२ बोअर, दमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या. नळ्या काढून उलट्या केल्या की खाली 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळीसाठी नाही) असा बारीक शिक्का दिसतो. हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारायचे, त्यामुळे कागद नसले तरी तिचं वय कळतं. इंग्लंडात आल्यावर चौथ्या वर्षी लिलावात घेतली, आता महिन्यातून दोन रविवार मातीच्या तबकड्यांवर चालवतो. काळी दारू की नायट्रो, म्हणजे आजची बिनधुराची दारू, हा काडतुसाचा घोळ मात्र पुढे दोन वर्षं चालला, आणि आता आपल्यातलेच एक-दोघं जुनी बंदूक घेतायत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे ही तुलना सगळ्यांसाठी नाहीच. तुमच्या नळ्यांवर नायट्रोच्या प्रूफचा, म्हणजे त्या दारूच्या दाबाला नळी टिकते या चाचणीचा, शिक्का असेल, म्हणजे 'नायट्रो प्रूफ' असे शब्द किंवा एनपी नाहीतर बीएनपी, तरच दोन पर्याय आहेत. नसेल तर फक्त काळी दारू, नळी बाहेरून कितीही धडधाकट दिसू दे. आणि शिक्का असला तरी तो मारला त्या दिवसाचा असतो, मधल्या शंभर वर्षांत कोणी आतून घासून नळी पातळ केली असेल तर तो शिक्का काय कामाचा? म्हणून आधी चांगल्या गनस्मिथकडून भिंतीची जाडी मोजून घ्या. सगळ्यात पातळ जागी इंचाच्या हजार भागांपैकी २० च्या खाली गेली तर इथले लोक नको म्हणून मान हलवतात. माझी २७ निघाली.

माझ्या बंदुकीला नायट्रोचा शिक्का नव्हता, त्यामुळे पहिलं दीड वर्ष काळी दारूच. घरी भरायच्या भानगडीत पडलो नाही, इथे सुटी काळी दारू घ्यायला पोलिसांकडून वेगळं सर्टिफिकेट लागतं, तयार काडतुसं मात्र शॉटगनच्या लायसनवर मिळतात.

आणि खरं सांगतो, मजा आहे त्यात. धक्का बसतो तो टपलीसारखा नाही, कोणीतरी तळहात ठेवून खांदा मागे ढकलावा तसा, आवाज पण भरदार. वर तो पांढरा धूर आणि गंधकाचा वास, पहिल्या बारालाच मला लहानपणच्या दिवाळीची पहाट आठवली. वारा पडलेला असला की दुसरी तबकडी धुरात दिसत नाही, पण तेवढं चालून जातं.

चालून गेलं नाही ते साफसफाईचं. काळ्या दारूची जी काजळी नळीत बसते ती हवेतलं पाणी ओढते, आणि इंग्लंडच्या हवेत पाण्याला काय तोटा. त्यामुळे घरी आलं की त्याच संध्याकाळी नळ्या उतरवायच्या, किटलीभर उकळतं पाणी नरसाळ्यानं एकेका नळीतून सोडायचं, खालून शाईसारखं काळं पाणी येतं आणि सडक्या अंड्याचा वास सगळ्या घरात, मग गजाला फडकं लावून घासायचं, परत पाणी, परत फडकं, नळ्या गरम असतानाच कोरड्या करून तेल. घोड्यांच्या फटीत आणि घोडा आपटतो त्या निपलभोवती जी काजळी जाते ती वेगळीच, तिला जुना टूथब्रश लागतो. धरून चाला दीड तास. नोव्हेंबरमधल्या रविवारी, चार वाजता अंधार पडलेला, दिवसभर चिखलात उभं राहून आलेला माणूस आणि सोमवारी सकाळी सातची शिफ्ट. एकदा, फक्त एकदा, मुलाला ताप होता म्हणून तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री हात लावला. डाव्या नळीत, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या थोडं पुढे, तांबूस कडं धरलेलं होतं. घासून गंज गेला पण खाली दोन खड्डे राहिले, टॉर्च मारली की अजून दिसतात. जी नळी एकशेचाळीस वर्षं कोणी ना कोणी जपली तिला माझ्या हातून खड्डे पडले हे मला फार लागलं. त्या आठवड्यातच गनस्मिथला फोन केला.

नायट्रोच्या प्रूफसाठी बंदूक त्याच्यामार्फत बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसला गेली. १८१३ सालची संस्था, डिगबेथ भागात अजून चालू आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून बघतात, नळी फुगली किंवा फाटली तर नुकसान आपलं. ते आठवडे जिवाला घोर होता. बंदूक पास होऊन आली, नवीन शिक्क्यासकट.

आता नायट्रो घ्यायचं ठरलं तरी कुठलंही उचलून चालत नाही. जुन्या इंग्लिश बंदुकीचं चेंबर बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, हाच धोका आहे, कारण ७० हे माप उघडलेल्या काडतुसाचं. उडताना तोंडाची घडी पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं मला ६७ चा डबा पुढे केला, म्हणाला सगळे वापरतात. मी नाही घेतला. डब्यावर ६५ छापलेलं असेल तेच घ्यायचं, ईली, गेमबोअर, हल या कंपन्यांची मिळतात.

दुसरं, हलकं म्हणजे कमी दाबाचं हा गैरसमज आहे. स्पर्धेची २४ ग्रॅमची काडतुसं छर्ऱ्यांनी हलकी असतात पण दारू झपाट्यानं जळणारी, दाब कमी असेलच असं नाही. मी ६५ ची, फायबर वॅडची (दारू आणि छर्ऱ्यांच्या मधलं बूच प्लॅस्टिकचं नसलेली), २४ किंवा २८ ग्रॅमची आणि सगळ्यात कमी वेगाची बघून घेतो. ग्रीनर या जुन्या इंग्लिश बंदूक बनवणाऱ्याचा हिशोब आहे, बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट हवं. माझी बंदूक तीन किलोची, त्यात ३१ ग्रॅमपर्यंत बसतं, पण नळी टिकली तरी जुनं तेल मुरलेला लाकडी दस्ता पकडीपाशी चिरतो, म्हणून खालीच राहतो. हा प्रकार प्रत्येक दुकानात मिळत नाही, मी २५० ची पेटी मागवून ठेवतो.

पोलादी छर्रे जुन्या नळीत अजिबात नकोत. २०२५ च्या जुलैमध्ये इथल्या सरकारनं शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी जाहीर केली, तीन वर्षांची मुदत देऊन, म्हणजे पुढेमागे बिस्मथ या धातूच्या छर्ऱ्यांकडे जावं लागणार. बिस्मथ मऊ असतं, जुन्या नळीला चालतं, पण किंमत ऐकून रविवारची २५ काडतुसं १० वर येतील.

तुमचं घर कोरड्या हवेत असेल, वेळ असेल, वर्षातून चार वेळाच बंदूक काढणार असाल तर काळी दारू घ्या, मी नाही म्हणणार नाही, नळीवर पुन्हा प्रूफचा जुगार पण खेळावा लागत नाही. दर पंधरा दिवसांनी जाणार असाल तर मात्र माझं मत ६५ च्या हलक्या नायट्रोकडे झुकतं. आता घरी आल्यावर फडकं, थोडं तेल, दहा मिनिटं आणि कपाटाला कुलूप.

कोकणात आजोबांची लायसनवाली दुनळी घरात आहे त्यांनी पण आधी नळीखालचे शिक्के बघा, त्यातल्या बऱ्याच बर्मिंगहॅमच्याच निघतात. मग चेंबरची लांबी मोजून घ्या आणि तेव्हाच काडतुसाच्या डब्यावरचा आकडा वाचा, डबा खडकीच्या फॅक्टरीचा असो नाहीतर बाहेरचा.