भिंतीवरचं पॅनल की हातातला टॅब?

मराठी माध्यमाच्या पहिली ते चौथीच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या ओळखीच्या लोकांत सध्या हाच विषय चालू आहे. पालकांना ‘काहीतरी डिजिटल’ हवं असतं, आपल्याकडे पैसे बेताचे असतात. मग सगळे पैसे एका मोठ्या टच पॅनलमध्ये घालायचे की तेवढ्यात सात-आठ टॅब घ्यायचे? पुण्यात कोथरूडच्या माझ्या छोट्या वर्गात दोन्ही वापरून झालंय. बॅच बारा-पंधरा मुलांची असते. तुमच्याकडे पन्नास असतील तर खालचं बरंचसं गणित बदलेल, हे आधीच सांगून टाकतो. इंच, रॅम, रिझोल्यूशन यांत शिरत नाही. ते तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कुणीही तोंडपाठ सांगेल.

पैशांचंही थोडक्यातच. ६५ इंची पॅनल आणि कव्हर-हेडफोनसकट सात-आठ बरे टॅब, दोन्हींचा आकडा मला तरी जवळजवळ सारखाच पडत होता. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या पॅनलवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झालं, तेव्हा त्याआधीचं कोटेशन खिशात घेऊन घासाघीस करायला जाऊ नका.

टॅबची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं. माझा नंबर कधी, तुझा नंबर कधी, ही रडारड नाही. दुसरीतलं मूल चौथीतल्या मुलाच्या शेजारी बसून आपापल्या वेगाने पुढे जातं. खान अकॅडमी किड्स हे ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. गूगलचं रीड अलाँग तर मला फारच आवडतं. २०१९ मध्ये ते भारतात ‘बोलो’ या नावाने आलं. मूल मोठ्याने वाचतं, दिया नावाचं पात्र ऐकतं, आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो उच्चारून दाखवतं. गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर नेट लागत नाही. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलं कोपऱ्यात बसून दियाशी मात्र बोलतात, हे मी पाहिलंय.

टॅबच्या लहानसहान कटकटी म्हणाल तर त्या सोसण्यासारख्या आहेत. सगळे एकदम चार्जिंगला लावायला एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लागते. पावसाळ्यात मुलं ओल्या हातांनी येतात आणि स्क्रीन भलतीकडेच पळते, म्हणून दाराशी एक पंचा टांगायचा. कॅमेरा सापडला की धडा संपला. त्यावर ॲप पिन करून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. एका आईने हेडफोनवरून उवांचा प्रश्न काढला होता. हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हापासून प्रत्येकाचा हेडफोन घरूनच येऊ लागला.

टॅब माझ्या मनातून उतरले ते दुसऱ्याच गोष्टीने. ती म्हणजे टकटक.

लहान मुलांचे इंग्रजीचे बहुतेक खेळ एकाच साच्याचे असतात. आवाज येतो किंवा शब्द दिसतो, खाली चार चित्रं असतात, बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. चुकलं तर एक बारीक ‘टुंग’, बरोबर आलं तर तारे उडतात. चुकण्याची किंमत शून्य. हे मुलांच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही. शब्द वाचण्यापेक्षा चारही चित्रं पटापट दाबणं कमी कष्टाचं असतं, कारण चौथ्या टकटकीला तारे उडणारच उडणार. अंदाजपंचे दाहोदरसे! हेडफोन लावलेला, मान खाली, बोट शिलाई मशीनच्या सुईसारखं चाललेलं, आणि शेवटी स्क्रीनवर तीन तारे व शाबासकी. पालकांना ते तारे दाखवायला बरे वाटतात. त्याच मुलाला कागदावर ‘शिप’ आणि ‘शीप’ लिहून दिले की गाडी जागच्या जागी उभी.

काही ॲप पहिलंच उत्तर धरतात, हे खरं. कहूटसारख्या प्रश्नमंजुषेच्या खेळात मात्र लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, म्हणजे घाईला वर बक्षीस. वेळ वाढवता येते, गुण बंदही करता येतात, पण मग मुलांना त्यात खेळ उरत नाही. मी बरेच उपाय करून पाहिले. एका टॅबवर दोघांना बसवलं, तर एक टकटक करायचा आणि दुसरा आपला नंबर कधी येतो ते बघायचा. कदाचित माझ्यापेक्षा कडक बाई किंवा सर हे नीट सांभाळू शकतील.

यामागचं कारणही बघा. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. फळं, प्राणी, रंग, आठवड्याचे वार, शब्द मुलांकडे पोत्याने असतात. अडतं ते वाक्य. मराठीत ‘टेबलाखाली’ म्हणताना टेबल आधी येतं, म्हणून मूल बेधडक ‘कॅट टेबल अंडर’ म्हणतं. चित्रावर बोट ठेवण्याच्या खेळाने नेमकं जे येतं तेच पुन्हा घोटलं जातं, आणि जे अडतं त्याला तोंड फुटत नाही.

पॅनलचा मोठा दोष म्हणून जो सांगतात, एका वेळी एकच मूल खेळतं आणि बाकीचे बसून राहतात, तोच माझ्या वर्गात कामाला आला. नियम एकच केला: समोरच्या मुलाने स्वतःहून बोट लावायचं नाही, बसलेल्यांनी इंग्रजीत सांगितलं तरच हलवायचं. स्क्रीनवर खोलीचं चित्र, कडेला मांजर, चेंडू, छत्री. मागून आरडाओरडा सुरू होतो, ‘पुट द कॅट अंडर द टेबल!’ कुणी ‘टेबल अंडर’ म्हणालं तर समोरचा हात वर करून तसाच उभा राहतो आणि बाकीचे ओरडून दुरुस्त करतात. मला बोलावं लागत नाही. चुकीला इथे चारचौघांसमोर थोडी किंमत आहे, पण ती अख्ख्या बाकाची चूक असते, एकट्याची नाही. टकटक करणारा मुलगाही पॅनलपुढे आला की थबकतो, कारण सगळे बघतायत.

यात नवं काही नाही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात टोटल फिजिकल रिस्पॉन्स ही पद्धत मांडली: आज्ञा ऐकायची आणि शरीराने ती करून दाखवायची. खडू-फळ्यावरही ते होतं. पॅनलवर चित्र लगेच बदलता येतं आणि मुलं उठून पुढे यायला उतावीळ असतात, इतकाच फरक. वर्डवॉल या खेळ बनवायच्या वेबसाइटवरचं फिरतं चक्र कुणाचा नंबर ते ठरवायला लावलं की भांडणंही मिटतात, कारण चक्राशी वाद घालता येत नाही.

पॅनल आणलं म्हणजे सुखच सुख, असं मात्र नाही. स्वस्तातल्या बहुतेक पॅनलची चौकट इन्फ्रारेड किरणांवर चालते. किरण अडला की स्पर्श झाला असं ते धरतं. फ्रॉकची बाही, टेकलेला डावा तळवा, सगळं त्याला बोटच वाटतं. मुलं एका हाताने टेकतात आणि दुसऱ्याने चित्र ओढतात, मग मांजर तळव्याखाली अडकून बसतं. टेकायचं नाही, ही सवय लावायला वेळ जातो. एकदम वीस बोटं ओळखणारं पॅनल असलं तरी ब्राउझरमधले बरेच खेळ एकच बोट जाणतात, तेव्हा दोन गटांची शर्यत लावण्याआधी खेळ तपासून घ्या. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं तर पडदा हवाच. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की भिंतीवर काळा आरसा उरतो. टॅब अशा वेळी निमूटपणे चालू राहतात.

प्रोजेक्टर आधीपासून असेल तर मी लगेच काहीच घेणार नाही. भिंतीवर चित्र, लांब काठी घेतलेलं मूल आणि वरचाच नियम, एवढ्यावर बरंच भागतं. सोबत प्लिकर्सची कार्डं छापून घ्या. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचाही संच आहे. मूल कार्ड फिरवून धरतं, चारपैकी जी बाजू वर ते त्याचं उत्तर, आणि तुमच्या एकट्याच्या फोनने सगळा वर्ग टिपता येतो. प्रत्येक कार्डावरची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारचं बघून फायदा नाही. टकटकीला तर वावच नाही. पन्नास मुलांच्या वर्गाला मी हेच सुचवेन.

बॅच लहान असेल, मुलं वेगवेगळ्या इयत्तांतली असतील आणि तुमच्यासोबत मदतीला आणखी कुणी असेल, तर टॅबचा विचार जरूर करा. एकट्याने वर्ग घेत असाल आणि मुलांनी बोलावं हेच मुख्य असेल, तर माझा कल पॅनलकडे आहे. दोन टॅब मात्र मीही ठेवले आहेत, दियाशी बोलणाऱ्या मुलांसाठी.

पॅनलच घ्यायचं ठरलं तर डेमोला आपल्या वर्गातली दोन मुलं बरोबर न्या, एक पहिलीतलं हवंच. दुकानात पॅनल मोठ्या माणसाच्या उंचीला टांगलेलं असतं आणि विक्रेता स्वतःच्या बोटाने सफाईदार रेघा काढून दाखवतो. पहिलीतल्या मुलाचा हात वरच्या कडेला पोचतो का, तळवा टेकल्यावर चित्र किती भरकटतं, ते तिथेच दिसेल. खाली-वर होणारा स्टँड मागा. भिंतीवर एकदा वर ठोकलेलं पॅनल पुन्हा खाली घ्यायला माणूस मिळत नाही. प्ले स्टोअर अधिकृतपणे चालतं का, म्हणजे गूगलचा ईडीएलए परवाना आहे का, हे विचारा, नाहीतर साधं ॲप टाकायलाही खटपट करावी लागते. आणि बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस वर्गात येणार की पॅनल टेम्पोत घालून आपणच न्यायचं, हे बिलावर लिहून घ्या.